सात अवस्थांचं ते भाषण, 'स्वगत' नव्हे

प्रश्न असा आला आहे : "'सारं जग ही एक रंगभूमी' या शेक्सपिअरच्या स्वगतावर मुलीला निबंध लिहायचाय. स्वगत म्हणजेच एकपात्री ना? आणि माणसाच्या सात 'अवस्था' म्हणावं की 'टप्पे'?"

आधी मुलीला 'स्वगत' हा शब्द खोडायला सांगा. 'अ‍ॅज यू लाइक इट'च्या दुसऱ्या अंकातला हा सातवा प्रवेश. राज्य गमावलेला ड्यूक रानात आपल्या माणसांबरोबर जेवायला बसलाय. तो म्हणतो, दुःखी काही आपणच नाही, या विशाल रंगशाळेत याहून करुण खेळ चाललेत. त्याच्या माणसांपैकीच एक, जेकीस, रंगशाळेचा तो धागा लगेच उचलतो आणि सुरू होतो. समोर ऐकणारी मंडळी बसलेली आहेत. मग ते स्वगत कसं? लांबलचक भाषण म्हणा.

बोलणं किती लांब, यावर स्वगत ठरत नाही. ते कोणाला ऐकू जातं यावर ठरतं. धनंजयाच्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या संस्कृत ग्रंथात ही वाटणी चोख आहे : सगळ्यांनी ऐकायचं ते 'प्रकाश', कोणीच ऐकायचं नाही ते 'स्वगत'. अधेमधे 'जनांतिक', म्हणजे हाताची त्रिपताक मुद्रा आड धरून बाकीच्यांना वगळून दोघांनी बोलायचं. जुन्या मराठी नाटकांच्या पुस्तकांत कंसात '(मनाशी)' आणि '(उघड)' असतं, ते हेच. शेजारच्या पात्राला ऐकू येत नाही आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला येतं, ही गंमत सगळ्यांनी मुकाट मान्य केलेली!

हॅम्लेटचं 'जगावं की मरावं' मात्र स्वगतच. तिथे ऑफिलिया जवळपास आहे, राजा आणि पोलोनियस लपून बसलेत; पण हॅम्लेट बोलतो ते स्वतःशी. म्हणजे रंगमंचावर एकटं असण्याचीही अट नाही.

एकपात्री हा प्रयोगाचा प्रकार. एकच नट दहा पात्रं रंगवतो, त्यांचे आपसांतले संवादही म्हणतो. त्यात स्वगत असेल किंवा नसेलही.

आता 'टप्पे'. इंग्रजीत 'स्टेज' म्हणजे टप्पाही, पण मूळ ओळीत 'स्टेज' आहे तो रंगमंच. माणसाच्या वयासाठी शब्द आहे 'एज'. त्यामुळे 'अवस्था'च बरा, बाल्यावस्था-वृद्धावस्था आपण म्हणतोच. 'दशा' संस्कृतात चालला असता. मराठीत कोणाची 'दशा' झाली म्हटलं की वाईटच ऐकू येतं. 'आश्रम' तर नकोच. आश्रम कसं जगावं ते सांगतात, जेकीस माणूस कसा दिसतो एवढंच सांगतो, तेही जरा कुचकटपणे.

(टंकताना 'स्वगत'चं 'स्वागत' होऊ देऊ नका. पहिला 'स्व + गत', दुसरा 'सु + आगत'.)

निबंधात जागा उरली तर पुढचा क्षणही घाला. दात नाहीत, डोळे नाहीत, चव नाही, काहीच नाही, अशा सातव्या अवस्थेवर जेकीस थांबतो. आणि नाटकाचा नायक ऑर्लँडो आपल्या म्हाताऱ्या नोकराला, अ‍ॅडमला उचलून घेऊन येतो. ड्यूक म्हणतो, हे आदरणीय ओझं खाली ठेव, त्याला आधी खाऊ दे.