जुन्या यूएसबी लेसर प्रिंटरला वायरलेस प्रिंट सर्व्हर लावता येतो का? कुठला घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: कोथरूडला घरी २००८ साली घेतलेला एचपी लेसरजेट १०२० आहे, फक्त यूएसबीचा, अजून ठणठणीत चालतो. आता घरात दोन लॅपटॉप आणि चार मोबाइल, सगळ्यांना प्रिंट हवी. वायरलेस प्रिंट सर्व्हर घेऊन भागेल का, की प्रिंटरच बदलावा?

प्रिंटर बदलू नका. आणि यूएसबी प्रिंटर वायफायवर आणणारी ‘प्रिंट सर्व्हर’ नावाची तयार डबीही घाईने मागवू नका. १०२० तिच्यावर बहुधा चालणार नाही. का चालणार नाही हे समजलं की काय घ्यायचं तेही लक्षात येईल, म्हणून आधी तेच सांगते.

माझी आई सदाशिव पेठेत पाचवी आणि आठवीच्या शिष्यवृत्तीची शिकवणी घेते. तिच्याकडे हाच १०२०. ज्या कॉम्प्युटरला तो जोडलेला होता त्याची हार्ड डिस्क गेली, आणि तोवर आईचं सगळं काम मोबाइलवर आलं होतं. सराव प्रश्नपत्रिका व्हॉट्सॲपवर यायच्या आणि प्रिंटसाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जावं लागायचं. नवा इंकजेट घ्यावा असं घरात सगळ्यांचं मत पडलं, आईचं सोडून. तिचं म्हणणं मला पटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने प्रिंटर बंद असतो. इंकजेटची शाई तेवढ्यात सुकते, नळ्या-नोझल तुंबतात. लेसरचं टोनर म्हणजे कोरडी पूड, ती कितीही दिवस तशीच राहते. शिवाय १०२०ला लागणारं १२ए कार्ट्रिज पुण्यात पेठेपेठेत रिफिल करून मिळतं. नव्या कार्ट्रिजवर साधारण २,००० पानं निघतात.

म्हणून मी एक वायरलेस प्रिंट सर्व्हर मागवला. वायफायला जोडला, प्रिंटरची केबल त्यात लावली, लॅपटॉपवर पोर्ट ९१०० (नेटवर्क प्रिंटरसाठी नेहमी वापरतात तो क्रमांक) टाकून प्रिंटर जोडला आणि प्रिंट दिली. लॅपटॉप म्हणाला पान गेलं. प्रिंटरमध्ये कागद हललासुद्धा नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. तिसऱ्या दिवशी, प्रिंटर तरी धड आहे ना हे बघायला, मी त्याची केबल थेट लॅपटॉपला लावून एक पान काढलं आणि प्रिंटर बंद न करता केबल परत डबीत खोचली. आता वायफायवरून पान आलं! एकामागून एक दहा पानं आली. रात्री प्रिंटर बंद केला, सकाळी चालू केला, आणि पुन्हा सगळं ठप्प.

गोम इथेच आहे. काही लेसर प्रिंटरच्या आत पान रचणारं डोकं असतं. त्यांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या भाषा कळतात. कुठूनही मजकूर आला तरी पान ते स्वतः रचतात. १०२० त्यातला नाही. तो होस्ट-बेस्ड प्रिंटर आहे, म्हणजे पानावरचा प्रत्येक ठिपका कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर ठरवतो आणि झेडजेस्ट्रीम नावाच्या साच्यात घालून पाठवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, चालण्यासाठी लागणारं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचा आतला प्रोग्रॅम, तोही त्यात कायमचा राहत नाही. बटण चालू केलं की ड्रायव्हर ते यूएसबीवरून भरतो. बटण बंद केलं की ते पुसलं जातं. प्रिंटर स्वस्तात देता यावा म्हणून केलेली ही रचना आहे, बिघाड नव्हे. १०१८, पी१००७ आणि पी१००८ यांचंही असंच आहे. डबी बिचारी आलेला डेटा पुढे ढकलण्याचं काम करते. प्रिंटर आत्ता चालू झाला, त्याला फर्मवेअर भरायचं आहे, हे तिला कळत नाही.

तयार डब्यांमध्ये दुसराही एक प्रकार मिळतो, तो ‘नेटवर्क यूएसबी’ म्हणून ओळखा. यूएसबी पोर्ट असलेल्या काही राउटरमध्येही ही सोय असते. त्यात लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि लॅपटॉपला वाटतं की प्रिंटर आपल्यालाच केबलने जोडला आहे. त्यामुळे फर्मवेअर भरलं जातं आणि १०२० चालतो. पण एका वेळी एकच लॅपटॉप त्याचा ताबा घेऊ शकतो, आणि मोबाइलवरून प्रिंट निघत नाही. तुमच्याकडे चार मोबाइल आहेत, तेव्हा हाही मार्ग तुमच्या कामाचा नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सतत चालू असलेला विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर त्यावरून प्रिंटर शेअर करणं. २०२१च्या सुरक्षा अपडेटनंतर यात शेवटी ११बी असलेली एरर पुष्कळ जणांना आली, आणि मोबाइलचा प्रश्न तिथेही उरतोच. जुन्या व्हिडिओंमध्ये गूगल क्लाउड प्रिंटचा उपाय सांगितलेला दिसेल. ती सेवा ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाली, त्यामागे वेळ घालवू नका.

तुमच्या प्रिंटरला हवा आहे एक छोटा, कायम चालू राहणारा कॉम्प्युटर, जो त्याचं डोकं होईल. आम्ही रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू नावाचा असा कॉम्प्युटर घेतला (पुढे त्यालाच नुसतं ‘पाय’ किंवा ‘झिरो’ म्हणते). पत्त्याच्या कॅटच्या निम्म्याएवढी पाटी, ५१२ एमबी मेमरी, वायफाय आतच. मेमरी कार्ड, चार्जर आणि ओटीजी ॲडॅप्टर धरून आमचं तीन हजारांच्या आत भागलं. ॲडॅप्टर विसरू नका: झिरोवर यूएसबीचं भोक मायक्रो आकाराचं असतं, प्रिंटरची केबल थेट बसत नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, तो सहज मिळतो. मेमरी कार्ड मात्र नावाजलेल्या कंपनीचं आणि बिल घेऊनच घ्या, नकली कार्डाने सगळी मेहनत वाया जाते. घरात पाय ३ किंवा ४ पडून असेल तर उत्तमच, त्यांना मोठे यूएसबी पोर्ट असतात. जुना लॅपटॉप लिनक्स टाकून वापरला तरी चालेल.

आता जोडणी. लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर हे कार्ड लिहिणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि रास्पबेरी पाय ओएसची डेस्कटॉप नसलेली ‘लाइट’ आवृत्ती कार्डावर लिहा. लिहिण्याआधीच तो वायफायचं नाव, पासवर्ड, युजर आणि एसएसएच (लॅपटॉपवरून पायला आज्ञा देण्याची सोय) विचारतो. तिथेच सगळं भरलं की पायला स्क्रीन-कीबोर्ड लावायची गरज पडत नाही. झिरो २ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. तुमच्या फायबरच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवलं असेल तर २.४वालं नाव द्या. गेस्ट नेटवर्क देऊ नका, त्यात उपकरणांना एकमेकं दिसत नाहीत.

मग पायवर कप्स टाका. लिनक्स आणि मॅक दोन्हींवरचं छपाईचं काम हेच सांभाळतं. ॲपलने ते २००२ साली मॅकमध्ये घेतलं. त्याच्याबरोबर एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरांचं पॅकेज टाका आणि त्यानंतर त्याचं प्लगइन. १०२०चं फर्मवेअर या प्लगइनमधून येतं, तेव्हा ही पायरी गाळली तर तुम्ही माझ्या डबीपाशीच परत याल. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावी लागते. पुढे कधी अपडेट केल्यावर प्रिंट थांबली तर आधी प्लगइन पुन्हा चढवून बघा. हे नीट बसलं की प्रिंटर चालू होताच पाय त्यात आपणहून फर्मवेअर भरतो. मला दोन संध्याकाळी जे कळलं नव्हतं, ते काम आता हा एवढासा तुकडा रोज सकाळी करतो.

कप्स सुरुवातीला फक्त स्वतःशी बोलतं. त्याला बाहेरून जोडणीची परवानगी द्यावी लागते आणि तुमचा युजर ‘एलपीॲडमिन’ गटात घालावा लागतो. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पायचा पत्ता आणि पुढे पोर्ट ६३१ टाकलं की कप्सचं पान उघडतं. तिथे प्रिंटर जोडा, ‘शेअर’वर खूण करा, आणि नाव साधं ठेवा, मध्ये मोकळी जागा नको. लगेच कागदाचा आकार तपासा. तो कधीकधी अमेरिकेचा ‘लेटर’ असतो, आपल्याला ए४ हवा. आमच्याकडे हे राहून गेलं होतं आणि प्रश्नपत्रिकेतली तळाची ओळ कापली जात होती. आईच्या लक्षात आलं तेव्हा वीस प्रती निघून गेल्या होत्या.

पायला राउटरमधून कायमचा एकच आयपी पत्ता राखून द्या. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. पोर्ट ६३१ बाहेरच्या इंटरनेटला मात्र कधीही उघडं करू नका.

मोबाइलवर वेगळं काही टाकावं लागत नाही. आयफोन आयओएस ४.२पासून, म्हणजे २०१०पासून, एअरप्रिंट ही ॲपलची वायफाय छपाईची पद्धत ओळखतो आणि कप्समधला शेअर केलेला प्रिंटर त्याला तसाच दिसतो. अँड्रॉइड ८ आणि पुढच्या फोनमध्ये डीफॉल्ट प्रिंट सर्व्हिस असते, ती सेटिंगमध्ये चालू आहे ना एवढं बघा. विंडोजमध्ये प्रिंटर आपोआप सापडला नाही तर हाताने जोडा: पायचा पत्ता, पोर्ट ६३१, मग ‘प्रिंटर्स’ आणि प्रिंटरचं नाव. एचपीचा जुना ड्रायव्हर शोधत बसू नका. विंडोज १०-११मधला आयपीपीचा (नेटवर्कवरच्या छपाईचा) ड्रायव्हर पुरतो, कारण ठिपके मांडायचं काम आता पाय करतो.

वेगाबद्दल खरं सांगते: साध्या मजकुराचं पहिलं पान आमच्याकडे वीस-तीस सेकंदांनी येतं. स्कॅन केलेली जड पीडीएफ असेल तर त्याहून जास्त, झिरोला ती चघळायला वेळ लागतो. एकदा सुरू झालं की १०२० आपल्या मिनिटाला १४ पानांच्या आसपास चालतो. रोज शंभर-शंभर पानी स्कॅन छापायचे असतील तर पाय ४ घ्या.

जुन्या वाड्यात वायफायचाही त्रास असतो. आईच्या घराच्या भिंती दीड हात जाड आहेत. प्रिंटर हलवण्याऐवजी मी यूएसबीची लांब केबल घेतली आणि पाय दाराच्या चौकटीपाशी, राउटरच्या नजरेत आणला. केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बहुतेक याची गरज पडणार नाही, फक्त पाय लोखंडी कपाटामागे ठेवू नका.

विजेचं मात्र तुम्हालाही सांभाळावं लागेल. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पाय धाडकन बंद पडतो, आणि तेव्हा कार्डावर काही लिहिलं जात असेल तर कार्ड बिघडू शकतं. आमचं एक कार्ड असंच गेलं. त्यावर सोपा उपाय आहे: सगळं मनासारखं चालायला लागलं की पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूत जाऊन ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा. मग पाय कार्डावर काही लिहीतच नाही, सगळं मेमरीत चालतं, वीज कितीदाही जावो. पुढे काही बदल करायचा असेल तेव्हा हे तात्पुरतं बंद करावं लागतं. शिवाय चालू कार्डाची एक प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे १०२० नसून कॅनन एलबीपी २९०० असेल, तर थांबा. तो कॅप्ट नावाची वेगळीच भाषा बोलतो आणि कॅननचा लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर चालतो, पायवर नाही. त्याला जुना लॅपटॉपच लावा. लेसरजेट १३२०सारखा पीसीएल कळणारा प्रिंटर असेल तर साधी डबीही चालेल. फक्त विंडोजच्या पोर्ट सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (नेटवर्कवरून प्रिंटरची स्थिती विचारण्याची) खूण काढा, नाहीतर चालू प्रिंटरही ऑफलाइन दाखवतो. आणि डबी घ्यायचीच तर ती डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीचं वायफाय पकडते हे आधी बघा, फार जुन्या डब्यांना ते जमत नाही.

शेवटचं, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायचं. प्रिंटर हवा तेव्हा चालू-बंद करा, पाय कायम चालू राहू द्या, तो दोनेक वॅटसुद्धा खात नाही. आईने दोन्ही बटणांच्या मध्ये चिठ्ठी चिकटवली आहे: ‘डावीकडचे बटण बंद करू नये. प्रिंटरचे उजवीकडे आहे, तेच करावे.’