कावळा लिहिलास का?

अरे,

आपल्या पक्षीनिरीक्षण क्लबच्या पुढच्या बैठकीत वक्ता म्हणून तुझं नाव लागलंय आणि तू ते काढून घ्यायला निघाला आहेस, हे तुझा मेसेज येण्याआधीच माझ्या कानावर आलं होतं. आपल्या क्लबात पक्षी लपतात, बातम्या लपत नाहीत. "काकू, माझ्याकडे दाखवण्यासारखं आहेच काय? भांडुपच्या गच्चीवरून दिसणारे कावळे आणि घारी?" असं लिहिलंस. मागच्या पाहुण्यांनी अरुणाचलातले फोटो दाखवले, त्यांच्यानंतर आपण उभं राहायचं म्हणजे हसं होणार, अशी तुझी समजूत. आणि शेवटी दबकत विचारलंस, की हप्त्यांवर मोठी लेन्स घेऊ का.

लेन्सचं आधी उरकते. घे किंवा नको घेऊस, पगार तुझा आहे. फक्त एका फोटोसाठी झुडपापाशी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवत बसणाऱ्यांत सामील झालास, तर माझ्याशी बोलायला येऊ नकोस.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेच्या रविवारी आपण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो. यादी तुझ्या हातात होती. गेटपाशीच तू कावळे मोजलेस, पहिली ओळ लिहिलीस. त्यावर पुढे चालणारे म्हणाले, "अरे कावळे काय लिहित बसलास, चल, तिकडे स्वर्गीय नर्तक उडून जाईल." सगळे हसले. तूही हसलास आणि ती ओळ खोडलीस. मी तुझ्या मागेच होते. तिथे बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर थांबले नसते. म्हणून आता लेखी विचारते, आणि यापुढे प्रत्येक भेटीत विचारणार आहे: कावळा लिहिलास का?

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत कावळ्याला जागा नसते, ते मान्य. १९८७ पासून आशियाभर चालत आलेली ती गणना पाणथळीच्या पक्ष्यांची, तिचा तक्ता वेगळा. पण एरवी? ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेवटी विचारतात ना, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का म्हणून? कावळा गाळून तिथे 'हो' म्हणणं म्हणजे चक्क थाप. आणि 'नाही' म्हणालास तर त्या यादीचा जीवच गेला. यादीत चिमणी नाही याचा अर्थ 'चिमणी दिसली नाही' असा केव्हा होतो? लिहिणाऱ्यानं दिसलेलं काहीच सोडलं नसेल तेव्हाच. तू गाळलेला कावळा आणि खरोखर नसलेला कावळा, कागदावर दोघे सारखेच दिसतात. दूधवाला रोजच येतो म्हणून घरखर्चाच्या वहीत दूध लिहायचंच नाही, असं एक महिना करून बघ आणि मग मला हिशेब दाखव.

२०२० साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल आला. चिमणी नामशेष होत चालली अशी ओरड आपण कित्येक वर्षं ऐकत होतो, व्हॉट्सॲपवर मोबाइल टॉवरच्या नावानं बोटं मोडत होतो. अहवालानं सांगितलं की देशभर बघितलं तर चिमणी एकंदर टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत ती कमी होते आहे. हे कळलं कुणामुळे? अरुणाचलाच्या फोटोंमुळे नाही. कुणीतरी आपल्या खिडकीतून पंधरा मिनिटं बघितलं, चिमणी होती तेव्हा लिहिली, नव्हती तेव्हाही बाकीची यादी पूर्ण लिहिली. अशी हजारो माणसं. त्यांतल्या एकालाही कुणी व्याख्यानाला बोलावलं नसेल. तुला बोलावलंय, तर तुझे पाय गार पडलेत!

तू मला 'तुमचं बरं आहे, तुमची शिवडी आहे' असं एकदा म्हणाला होतास. माझी शिवडी कशी झाली ते ऐक. माझं ऑफिस फोर्टात, घर कुर्ल्याला, खिशात हार्बर लोकलचा पास. शिवडी वाटेत. ऑफिस सुटल्यावर मध्येच उतरायचं, धक्क्यापर्यंत झपाझप चालत जायचं, उजेड आहे तोवर मोजायचं आणि पुढची गाडी पकडायची. घरी 'गाड्या लेट होत्या' एवढं पुरायचं, हार्बरवर कुणाला शंका येत नाही. भरतीची वेळ मला एका कोळी मैत्रिणीनं शिकवली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. साडेपाचपर्यंत पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागतो आणि पक्षी ओहोटीच्या कडेकडेनं चरायला लागतात. भर भरतीला चिखलच नसतो, पूर्ण ओहोटीला पक्षी पार लांब ठिपक्यांएवढे. मधला वेळ आपला. त्यामुळे माझी संकष्टी कित्येकदा धक्क्यावर उभ्यानं गेली, पोटात साबुदाणा आणि समोर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. शिवाय तो चिखल पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी गेलास तर ऊन थेट डोळ्यांत आणि सगळे पक्षी काळे. संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो, मग लहान रोहिताची गडद लाल चोच आणि मोठ्या रोहिताची फिकी गुलाबी, काळ्या टोकाची, दुर्बिणीशिवायही वेगळी करता येते. सकाळच्या सहलींना जाता येत नाही म्हणून मी हळहळायचे, आणि उजेड मात्र माझ्याच वेळेला चांगला असायचा.

त्या मोजणीच्या वह्या आता नाहीत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला, मिठी आमच्या तळमजल्यात शिरली. ट्रंक पलंगाखाली होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर आत निळा लगदा. शाईनं लिहिलेलं सगळं एकमेकांत उतरलेलं. पेन्सिलीनं लिहिलेली काही पानं दोरीवर वाळत घातली, तेवढी वाचता आली.

पुढे त्याच चिखलावर सागरी सेतूचे, म्हणजे आताच्या अटल सेतूचे, खांब उभे राहायला लागले, तेव्हा एक शिकणारी मुलगी मला भेटायला आली. "काकू, नव्वदच्या दशकात इथे किती रोहित असायचे?" मी म्हणाले, खूप. तिनं पेन कागदावर टेकवून तसंच धरून ठेवलं. "खूप म्हणजे साधारण?" माझ्या तोंडून आकडा निघेना. मनात होता, पण त्यातला किती डोळ्यांनी बघितलेला आणि किती इतक्या वर्षांत मायेनं वाढवलेला, हे मलाच सांगता येईना. संस्थांच्या नोंदी होत्या, तिचं काम भागलं. पण माझ्या त्या संध्याकाळी तिच्या कागदावर आल्या नाहीत त्या नाहीतच. सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. गाड्या वरून सुसाट जातात, आणि 'पूर्वी इथे काय असायचं' हे मी फक्त कौतुकानं सांगू शकते. कौतुकाला कोण विचारतो?

म्हणून मी मोजणीच्या वेळी खवट होते. मागे एका गणनेत थवा उठला आणि कुणीतरी म्हणालं, हजार लिहून टाका. मी म्हणाले, नाही लिहिणार. त्यावरून झाली ती वादावादी तू ऐकली असशील, तिखटमीठ लावून. ऐकलंस ते बरंचसं खरं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. थवा मोजायची रीत असते. आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे. दहा म्हणजे डोळ्यांपुढे केवढी जागा व्यापतात ते बसवून घ्यायचं, मग तेवढा तुकडा थव्यावरून सरकवत न्यायचा. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा. स्टिंटसारखे चिमुकले पक्षी एका जागी ठरत नाहीत, चिखलावर नुसते धावत असतात. ते उडाले की पुन्हा बसेपर्यंत थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू. कंटाळवाणं आहे. पाय भरून येतात, डास फोडून खातात. आकडा मनासारखा येत नाही. आला तोच लिहायचा.

माळढोक मी पाहिलेला नाही. हे तुला माहीत नसेल. सोलापूरजवळच्या नान्नजला क्लबची सहल ठरायची, मी नाव द्यायचे आणि मागे घ्यायचे. कधी सासूबाईंचं पथ्यपाणी, कधी मुलीची सहामाही. रविवारी बाईनं घराबाहेर दुर्बीण घेऊन हिंडायचं, याला घरात कुणी 'नाही' म्हणालं नाही. फक्त शनिवारी रात्री सगळ्यांचे चेहरे पडायचे. सगळ्यांतून मोकळी झाले तोवर नान्नजला माळढोक जवळपास उरलाच नव्हता. याचं वाईट वाटतं. आता फोटोत बघितला तरी पान उलटते.

क्लबातले काहीजण म्हणतात, बाईला बाहेर जाता आलं नाही म्हणून तिनं एका जागेचं देवघर करून ठेवलं. म्हणू देत. समजा तसंच असेल, तरी काय बिघडलं? ज्यांना जाता आलं त्यांच्याकडे याद्या आहेत लांबलचक, आणि त्यांच्या स्वतःच्या गल्लीत तांबट पूर्वी किती वाजता बोलायला लागायचा हे त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही. मी सांगू शकते. ...बरं, हे जरा जास्त झालं. पण खोडत नाही. खोडण्याबद्दल माझं मत तुला कळलंच आहे.

सालिम अलींचं नाव आपण ऊठसूट घेतो. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळ किहीमला होते. नोकरी नव्हती. घराजवळ सुगरणींची वसाहत होती, तर रोज तिच्यासमोर ठाण मांडून बसले. सुगरण! विहिरीवर लोंबणारी घरटी ज्यानं त्यानं पाहिलेली. तो काय दुर्मीळ पक्षी? पण रोज बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की नर अर्धवट घरटं विणून थांबतो, मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं घरटं, दुसरी मादी. पिढ्यान् पिढ्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चाललेला संसार, आणि तोवर तो असा कुणी पाहून लिहिला नव्हता. मुद्दा तुझ्या ध्यानात आला असेल. नसेल तर पुन्हा विचारते, कावळा लिहिलास का?

तुझ्या गच्चीची वही मी चाळली आहे, विसरलास? गेल्या पावसाळ्यापासून बहुतेक रोज संध्याकाळी तू कावळे मोजलेस, कुठून आले आणि कुठल्या दिशेला रातथाऱ्याला गेले ते बाणांनी दाखवलंस. भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, पहिला थवा कुठल्या तारखेला आला ते आहे. समोरच्या रेन ट्रीवर कावळ्याचं घरटं, त्यात केबलवाल्याची तार आणि मोडका हँगर, आणि त्याच घरट्याभोवती कोकिळेच्या घिरट्या, तेही आहे. दिवाळीच्या आठवड्यात कावळ्यांचा आकडा एकदम पडलाय, तिथे तू पेन्सिलीनं नुसतं प्रश्नचिन्ह काढलं आहेस. अरे, ते प्रश्नचिन्हच दाखव ना पडद्यावर! फटाके की आणखी काही, हे तुला माहीत नाही. मलाही नाही. सभागृहात विचार. पुढच्या दिवाळीला मुलुंड, विक्रोळी, घाटकोपर इथल्या चार गच्च्यांवर चार जण मोजायला उभे राहिले तर तुझं व्याख्यान वसूल. टाळ्यांचं काय घेऊन बसलास.

सुरुवातीलाच 'माझ्याकडे फार काही नाही' वगैरे म्हणालास तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन. स्लाइडवर अक्षरं मोठी ठेव, आपल्या अर्ध्या सभासदांना मोतीबिंदू आहे. आणि मोजलं नसेल तिथे 'मोजलं नाही' असं स्पष्ट लिही, शून्य लिहू नकोस. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. या दोन्हींत गल्लत केलीस तर सगळी मेहनत पाण्यात.

नाव मागे घेतल्याचं सचिवांना अजून कळवलेलं नसशील असं मी धरून चालते. कळवलं असशील तर आजच फोन कर. शनिवारी चतुर्थी आहे. पाच वाजता शिवडी स्टेशनच्या पूर्वेला भेट, तुझी वही घेऊन ये. उजेड असेपर्यंत मोजू, मग स्टेशनात बसून व्याख्यानाचा क्रम लावू. माझी दुर्बीण दोघांना पुरेल. पेन मात्र आणू नकोस, पेन्सिल आण. टोक करून.

तुझी
काकू