नेत्रतर्पण घरच्या घरी करता येईल का?

नाही, नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार) घरी करू नका, वैद्याकडेच करून घ्या. कृती सोपी दिसते: उताणं झोपवून डोळ्याभोवती उडदाच्या पिठाची दोन अंगुळं उंच पाळी (गोल कडं) बांधायची, मिटलेल्या डोळ्यावर पापण्यांचे केस बुडेपर्यंत पातळ औषधी तूप ओतायचं, मग सावकाश उघडझाप करायची. पण तूप थेट आचेवर तापवलं तर डोळा भाजू शकतो. ते गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवतात आणि कोमटच वापरतात. पीठ सैल असेल तर पाळी गळते, फार घट्ट असेल तर तडकते. वेळही विकारानुसार बदलते: अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात पापणीच्या रोगांना 100 मात्रा, दृष्टीच्या रोगांना 800 (मात्रा म्हणजे साधारण पापणी लवण्याइतका काळ). शेवटी बाहेरच्या कोपऱ्याकडे पाळीला भोक पाडून तूप काढतात, आणि त्यानंतर उजेडाकडे पाहायचं नसतं. सगळ्यात मोठा धोका जंतुसंसर्गाचा, कारण घरातलं तूप निर्जंतुक नसतं. डोळा लाल असेल, चिकट स्राव येत असेल किंवा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर वैद्याकडेही तर्पण नको. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.