पक्ष्यांमधली पित्ताम्लं कशी ओळखतात आणि ती तयार कशी होतात?

सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतो, त्यामुळे माझं उत्तर कोंबडीपासूनच सुरू होणार. कलेजीला चिकटलेली जी पित्ताची हिरवी पिशवी (पित्ताशय) फुटली की रस्सा कडू होतो, ती मी विजापूर वेशीतल्या कोंबडीवाल्याकडून मागून आणतो. ‘सर, टाकून द्यायच्या वस्तूचे पैसे काय घ्यायचे?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

रंगावर मात्र जाऊ नका. हिरवेपणा बिलिव्हर्डिन या रंगद्रव्याचा. पित्ताम्लांना, म्हणजे चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्तातल्या आम्लांना, स्वतःचा रंग नसतो. कडूपणा त्यांचा.

एका परीक्षानळीत साधं पाणी घ्या, दुसरीत पाणी घालून पातळ केलेलं पित्त. दोन्हींवर चिमूटभर गंधकाची भुकटी टाका. पाण्यावर ती तरंगत राहते, पित्तात तळाशी जाते, कारण पित्तक्षार (पित्ताम्लांचे क्षार) पृष्ठताण कमी करतात. मुलं खूश. पण साबणाच्या पाण्यातही ती बुडतेच की! म्हणजे नेमकं कोणतं आम्ल, हे यातून कळत नाही.

त्यासाठी अल्कोहोलने प्रथिनं काढून टाकायची, घटक क्रोमॅटोग्राफीने वेगळे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर वस्तुमान बघायचं. कोंबडीतलं मुख्य टॉरोकिनोडीऑक्सीकोलिक आम्ल ऋण आयनांत (म्हणजे रेणूला ऋण भार देऊन मोजलं की) 498 वर दिसतं, टॉरोकोलिक 514 वर. फरक 16 चा, म्हणजे एका ऑक्सिजनचा. तरी गोम उरतेच. कोलिक आणि अ‍ॅलोकोलिक यांचं वस्तुमान अगदी सारखं, फरक फक्त कड्यांच्या जोडणीत. तिथे शुद्ध नमुना त्याच क्रोमॅटोग्राफीतून चालवून कोण कितव्या मिनिटाला बाहेर पडतं, ते ताडून पाहावं लागतं.

घडण यकृतात होते. कच्चा माल कोलेस्टेरॉल, 27 कार्बनचं. आधी सातव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (OH गट) बसतो. ही पायरी सगळ्यांत संथ, म्हणून पुढचा वेग हीच ठरवते. बाराव्यावरही बसला तर कोलिक, नाहीतर किनोडीऑक्सीकोलिक. (यातला ‘किनो’ ग्रीक भाषेतल्या हंसावरून आला.) मग शेपटीचे 3 कार्बन छाटले जाऊन 24 उरतात, पण काही पक्ष्यांत काही रेणूंची ही छाटणी होतच नाही. शेवटी टॉरिन हा गंधक असलेला छोटा रेणू जोडला जातो; नावातला ‘टॉरो’ तोच. माणसात ग्लायसिन हे अमिनो आम्लही चालतं, पक्ष्यांचं काम जवळपास सगळं टॉरिनवरच.

आणि हो, कबुतरात पित्ताशय शोधत बसू नका, त्याला ते नसतंच. एका वर्षी दोन मुलांनी त्यात अख्खं प्रॅक्टिकल घालवलं होतं.