वडील महापालिकेच्या अग्निशमन दलात आहेत. धुरामुळे श्वासाचा त्रास आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन मिळेल का? धोक्याच्या नोकरीला वेगळे नियम असतात का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची २२ वर्षं सेवा झाली, वय ५०, जिना चढताना दम लागतो आणि ऑफिसातली मंडळी म्हणतायत की स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळे व्हा.

पेन्शन मिळेल. स्वेच्छानिवृत्तीला २० वर्षं अर्हताकारी सेवा, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा, लागते, ती भरली आहे. तीन महिन्यांची नोटीस द्यायची, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि वर महागाई भत्ता सुरू होतो. बहुतेक महापालिकांनी राज्याचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियमच उचललेत, त्यामुळे हिशेब सगळीकडे साधारण सारखा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. धोक्याची नोकरी म्हणून आपल्याकडे पेन्शनला एक दिवसही जादा धरत नाहीत. आगीत शिरणारा फायरमन आणि खिडकीत बसून जन्माचे दाखले देणारा, दोघांना तोच नियम.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. ती सही इतक्यात करू देऊ नका. ‘मोकळे व्हा’ म्हणणारी मंडळी मी आयुष्यभर पाहिलीत. मोकळी ती होतात, आपण नाही.

मी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झालो. आमच्या स्टेशनला एक फायरमन होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. नव्वदच्या दशकात एका रात्री प्लॅस्टिकच्या गोदामाची वर्दी, म्हणजे आग लागल्याचा निरोप, आली. आग आटोक्यात आली होती, कूलिंग चालू होतं, अण्णा ब्रँच, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं तोंड, धरून छपरावर. सिमेंटचा पत्रा आगीत तापला आणि वरून पाणी पडलं की बिस्किटासारखा मोडतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. तरी कोणीतरी वर जायचंच असतं. पत्रा मोडला, अण्णा खाली मालाच्या गोण्यांवर आपटले. स्वतःच उठले. हॉस्पिटलात नेलं, एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या. दुसऱ्या पाळीला हे परत ड्युटीवर! तेव्हा आमच्यात दुखतंय म्हणून रजा मागायची लाज वाटायची. अजूनही वाटते, तुमच्या वडिलांनाच विचारा.

त्या रात्रीच्या वर्दीच्या अहवालात शेवटी एक ओळ होती: ‘एक कर्मचारी किरकोळ जखमी, उपचारानंतर कर्तव्यावर हजर.’ नाव नाही, काय लागलं ते नाही. नाव लिहिलं की चौकशी, चौकशी आली की छपरावर जायला कोणी सांगितलं ते आलं. म्हणून किरकोळ.

पुढे काही वर्षांनी अण्णांचा खुबा गेला. जुना मार आहे, असं डॉक्टर म्हणाले. पंपावर, म्हणजे आगीच्या बंबावर, चढता येईना, शिडीचं तर नावच नको. सेवा झाली होती १७ वर्षं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीतही बसत नव्हते. तेव्हा आस्थापनेतल्या हेडक्लार्कने त्यांना चहा पाजून एक तयार अर्ज पुढे केला: ‘प्रकृतीच्या कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तरी तो मंजूर व्हावा.’ खाली फुलीसुद्धा मारून ठेवली होती, सही इथे करा म्हणून. फंडाचे पैसे लगेच मिळतील, मुलीचं लग्न होऊन जाईल, असंही समजावलं. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते आणि पेन्शनचा प्रश्नच उरत नाही, एवढंच सांगायचं राहिलं.

अण्णांनी तो कागद मला दाखवायला आणला म्हणून वाचले. त्या वेळी १९९५ चा अपंगांचा कायदा होता, त्याचं कलम ४७. सेवेत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जमेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यायचं, तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा, पद निर्माण करायचं. आता २०१६ च्या कायद्यात हेच कलम २०(४) मध्ये आहे. सुप्रीम कोर्टाने २००३ साली कुणाल सिंग या जवानाच्या प्रकरणात तर स्पष्ट म्हटलंय की रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे आजारामुळे काम होत नाही म्हणून मिळणारी पेन्शन, दिलं म्हणून हे संरक्षण नाकारता येत नाही. पाय गेलेला जवान होता तो.

कायदा आमच्या बाजूने होता, कागद नव्हता. माहिती अधिकार नुकताच आला होता. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, अहवालाची प्रत मागितली, सोबत त्या रात्रीच्या हजेरी बुकाची. दुसऱ्या कामाच्या मागणीवरच्या सुनावणीला साहेबांनी विचारलंच, ‘हा एक कर्मचारी म्हणजे हेच कशावरून?’ हॉस्पिटलच्या एमएलसी रजिस्टरची, म्हणजे अपघात-मारहाणीच्या केसेस नोंदवतात त्या वहीची, नक्कल पुढे ठेवली. तारीख तीच, वेळ वर्दीनंतरची, नाव अण्णांचं, आणि समोर हाताने लिहिलेलं ‘छपरावरून पडून’. हजेरी बुकात त्या पंपावर त्यांचं नाव. सिव्हिल हॉस्पिटलचा अपंगत्वाचा दाखला होताच. साहेबांनी ती नक्कल उलटीपालटी करून बघितली, मागे काही नव्हतं.

आदेश निघायला वेळ लागला, पण निघाला. अण्णा नियंत्रण कक्षात टेलिफोनवर बसले, त्याच वेतनश्रेणीत. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही, अण्णा ते झकास करायचे. ५८ ला रीतसर निवृत्त झाले. पेन्शन घेतायत आणि महागाई भत्त्याची थकबाकी का आली नाही म्हणून मला फोन करून डोकं खातायत, जणू मीच लेखाधिकारी.

लेखाधिकाऱ्यावरून आमचे मेहुणे आठवले. बायकोचे थोरले भाऊ, उभी नोकरी लेखा विभागात, पेन्शनच्या फायली त्यांच्या हाताखालून जायच्या. अण्णांच्या प्रकरणावरून आमचं भर लग्नात पंगतीत वाजलं होतं, ते अजून मिटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, ‘धोका आहे हे माहीत असून नोकरी धरली ना? भत्ता घेतलात ना? मग नियम सगळ्यांना एक.’

भाऊसाहेब, भत्ता पेन्शनमध्ये धरत नाहीत, हे तुम्हीच लोकांच्या फायलींवर लिहिलंत. धोका भत्ता असो की सफाई कामगारांचा घाणभत्ता, पेन्शन निघते मूळ पगारावर. म्हणजे धोक्याचे पैसे नोकरी आहे तोवर, आणि फुफ्फुसात गेलेला धूर निवृत्तीनंतरही तिथेच. युनियनवाल्यांनाही मी हेच सांगत आलो की भत्त्यात शंभर-दोनशेची वाढ मागत बसू नका, नोंद मागा. ऐकतो कोण, वाढ मिळाली की हार घालता येतो.

बाहेर काय चालतं तेही सांगतो. अमेरिकेत केंद्र सरकारच्या फायरमनला २० वर्षं सेवा आणि वय ५० झालं की निवृत्ती घेता येते, २० वर्षं भरली असतील तर ५७ ला सक्तीने घरी पाठवतात. शिवाय २०२२ च्या शेवटी तिथे कायदा झाला की या फायरमनना ठरावीक कर्करोग, हृदयाचे नि फुफ्फुसाचे आजार झाले तर ते नोकरीमुळेच झाले असं धरून चालायचं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फायरमनचं काम हे माणसाला कर्करोग होण्याचं सिद्ध कारण म्हणून पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत. आपल्याकडे उलटं. आधी तुम्ही सिद्ध करा की आजार नोकरीमुळे झाला, आणि सिद्ध करायचे कागद ऑफिसच्या कपाटात. वर डॉक्टर विचारणार, बिडी ओढत होता का?

मेलेल्या फायरमनला आपण मान देतो, नाही असं नाही. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गेले, म्हणून दर १४ एप्रिलला स्मृतिदिन. २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई दलाचे चार अधिकारी गेले, तेव्हा अख्खं शहर हळहळलं. पण जो आगीत मरत नाही, हळूहळू खोकत घरी बसतो, त्याचं काय, हे एकाही १४ एप्रिलच्या भाषणात मी ऐकलं नाही. आणि भाषणं पुष्कळ ऐकलीत, उन्हात सावधान उभं राहून.

असो. तुमच्या घरचा हिशेब बघू. समजा वडिलांचं मूळ वेतन आज ५०,००० आहे. आज सही केली तर पेन्शन २५,००० अधिक महागाई. ५८ पर्यंत राहिले, दर वर्षाची ३ टक्के वाढ धरली, तर आठ वर्षांत मूळ वेतन साधारण ६३,००० होतं, पेन्शन साडेएकतीस. मधली आठ वर्षं पूर्ण पगार, तो वेगळाच. आणि पेन्शनचा ४० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे म्हटलं तरी रक्कम या आकड्यावरच ठरणार. ‘अर्धा पगार घरबसल्या’ असं जे ऑफिसात सांगतात ना, त्यांना हा गुणाकार करून दाखवायला सांगा.

म्हणून आधी हलकं काम मागायचं. लेखी अर्ज, आवक क्रमांक घालून, पोच हातात. तोंडी काही नाही. सोबत वडिलांना आठवतील त्या मोठ्या वर्दींची यादी करायला लावा, केमिकल, रबर, तळघर, जिथे बी.ए. सेट (पाठीवरच्या हवेच्या नळकांड्याचा मास्क) न लावता आत गेले होते त्या. माहिती अधिकारात त्यांचे अहवाल काढा. अगदीच काम होत नसेल तर वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होऊन रुग्णता निवृत्तिवेतनाचा रस्ता आहे. तिथेही त्यांची १० वर्षं कधीच भरलीत, त्यामुळे पेन्शन कुठे जात नाही. स्वेच्छानिवृत्ती सगळ्यात शेवटी. राजीनामा हा शब्द घरात काढायचा नाही.

आता काही गोष्टी, ज्या खरं तर वर सांगायला हव्या होत्या. मी हे सगळं जुनी पेन्शन धरून लिहिलंय. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना नवी योजना लागू झाली. महापालिकांच्या तारखा आपापल्या आहेत, मुंबईत ती ५ मे २००८ आहे. वडील २२ वर्षांपूर्वी लागले म्हणजे जुन्यात असणार, पण सेवापुस्तकातली कायम नेमणुकीची तारीख बघा. आधीची रोजंदारी धरून २२ म्हणत असतील तर गणित बदलतं.

ठेकेदाराकडचे फायरमन किंवा गटारात उतरणारे कामगार यांना यातलं काहीच लागू नाही. त्यांना भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची पेन्शन, १० वर्षं सेवा आणि वय ५८, किमान रक्कम महिना १,००० रुपये. हो, एक हजार. कामावर असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मात्र त्या योजनेत एका महिन्याची वर्गणीही पुरते, हे ठेकेदार सांगत नाही. गटारात मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई, असा सुप्रीम कोर्टाचा २०२३ चा आदेश आहे. सफाई कामगारांच्या वारसाला लाड-पागे या सरकारी समितीच्या शिफारशींमुळे नोकरी मिळते. लोक मला विचारतात, फायरमनला तसं का नाही? माझं मत विचाराल तर बापाचं अंग ज्या कामाने मोडलं तेच काम पोराला देणं ही कसली भरपाई. पण ज्यांच्या घरात दुसरी मिळकत नाही त्यांना हे मी तोंडावर सांगणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अण्णांचा खुबा होता, तो अस्थिव्यंगात सरळ बसला. तुमच्या वडिलांची फुफ्फुसं आहेत, आणि २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत श्वासाचा आजार थेट नाही. त्यामुळे २०(४) वर ऑफिस हटकून वाद घालेल. सेवाविषयक प्रकरणं करणारा वकील गाठा, माझ्यासारख्या निवृत्त माणसाच्या भरवशावर राहू नका. दरम्यान सरकारी दवाखान्यात छातीची तपासणी आणि पीएफटी, म्हणजे फुफ्फुसांची ताकद मोजणारी चाचणी, करून घ्या. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात डॉक्टर घाईत नुसतं ‘नोकरी’ लिहितात. तिथे थांबवून ‘अग्निशमन दल, २२ वर्षं, धुराशी संपर्क’ असं लिहून घ्या, आणि प्रत्येक भेटीचा कागद एकाच फायलीत लावा.