मुकादम पळाला, म्हणून टोळी अडवून ठेवू का?

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातला ट्रॅक्टरमालक. ऊसतोडीच्या बारा कोयत्यांसाठी, म्हणजे नवरा-बायकोच्या बारा जोड्यांसाठी, मजूर आणून देणाऱ्या एका मुकादमाला नऊ लाख उचल (आगाऊ रक्कम) दिली. आले सातच कोयते, आणि महिन्याभरात मुकादम पळाला. आता टोळी गावी जायचं म्हणते. बाकीचे वाहनमालक सांगतात, पैसे फिटेपर्यंत टोळीला खोपीवरून हलू देऊ नको, नाहीतर मुकादमाच्या भावाला उचलून आण. असं केलं तर चालेल का?

उत्तर : नाही. कुणाची आधार कार्डं किंवा मोबाईल काढून घेतले असतील, तर आधी ते परत द्या, मग पुढचं वाचा.

तुम्हाला गंडवलंय, यात शंका नाही. ऊसपट्ट्यातल्या वकिलाला हे दुखणं नवीन नाही. पण गंडवलं मुकादमानं, आणि अडवणार तुम्ही मजुरांना! कोर्टात हा हिशेब टिकत नाही.

मानवी तस्करी म्हटलं की मुली विकणारी टोळी एवढंच आपल्या डोळ्यांपुढं येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 त्याहून बरंच रुंद आहे. धाक, बळजबरी, फसवणूक किंवा आमिष वापरून शोषणासाठी माणूस आणणं, तसंच ठेवून घेणं, दोन्ही त्यात येतं. गुलामीसारखी राबवणूक हेही शोषणच. ‘ते राजीखुशीनं आले होते’ हा बचाव चालत नाही, कारण पीडिताची संमती कायदा विचारातच घेत नाही. एका माणसासाठी किमान 7 वर्षं शिक्षा. एकाहून जास्त माणसं असली की किमान 10 वर्षं ते जन्मठेप. तुमच्याकडं सात कोयते म्हणजे चौदा माणसं, वर त्यांची पोरं. भावाला उचलून आणून, मारायचा धाक घालून पैसे मागितलेत, तर खंडणीसाठी अपहरणाचं कलम लागेल. तिथं शिक्षा जन्मठेपेपासून पुढं सुरू होते.

शिवाय 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. उचलीपोटी मजुराला काम सोडून जाता येत नसेल, तर ते कर्जच कायद्यानं संपतं. त्याच्या वसुलीचा दावा चालत नाही, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर, म्हणजे इथं तुमच्यावर. उद्या टोळीतल्या एखाद्या बाईनं 112 ला फोन केला, तर पोलिसांचा मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष आणि तहसीलदार तुमच्या रानात येतील. तेव्हा फिर्यादी ती असेल, आरोपी तुम्ही.

तेव्हा टोळीचा तोडलेल्या टनांचा हिशेब करा, मजुरी चुकती करून सह्या-अंगठे घ्या आणि त्यांना जाऊ द्या.

वसुली मुकादमाकडून करायची. करारपत्र, बँकेतून पाठवलेल्या पैशांचे उतारे, फोनवरचे मेसेज घेऊन पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद द्या. ठाणेदारानं घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं जा. मुकादमाचा चेक हातात असेल आणि तो वटला नाही, तर बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. इथं पुष्कळजण तारीख चुकवतात. दिवाणी दाव्यालाही साधारण 3 वर्षांचीच मुदत असते.

रोखीनं काही दिलं असेल, तर ते देताना हजर असलेल्या दोघा-तिघांची नावं आजच लिहून ठेवा. भावाच्या घरी मात्र एकट्यानंसुद्धा जाऊ नका.