वाचकांचे प्रश्न : बागेतल्या पक्ष्यांना काय घालावे आणि किती?

ऊन तापू लागले की या सदराकडे पक्ष्यांविषयीची पत्रे अधिक येऊ लागतात. त्यांतील काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरामागे लहानशी बाग आहे. तिच्या कठड्यावर मी रोज सकाळी पोळीचे तुकडे, उरलेला भात आणि मूठभर गहू ठेवते. कावळे, साळुंक्या आणि कबुतरे न चुकता येतात. ज्यांच्यासाठी हे सारे ठेवते त्या चिमण्या मात्र फिरकत नाहीत. असे का होत असावे?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : आपण मांडलेले पान कावळ्या-कबुतरांच्या सोयीचे आहे, हे त्याचे साधे कारण. पोळी आणि भात ही कावळ्यांची व साळुंक्यांची आवड; गहू, मका, ज्वारी हे दाणे कबुतर सबंध गिळते आणि काही मिनिटांत कठडा साफ करते. चिमणी दाणा चोचीत घोळवून सोलते आणि मगच खाते, त्यामुळे तिला बारीक दाणा सोयीचा. बाजरी, राळा, नाचणी किंवा तांदळाची कणी ठेवून पाहावी. कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात फुगतो असे अनेकांनी कळवले आहे. त्यात तथ्य नाही, कारण भाताच्या खळ्यावर चिमण्या पिढ्यान्‌पिढ्या तांदूळच टिपत आल्या आहेत. शिजवलेला भात मात्र उन्हात काही तासांत आंबतो. शेव, फरसाण, वेफर, खारे दाणे असे मिठाचे पदार्थ कोणत्याही पक्ष्याला देऊ नयेत. शेंगदाणे द्यायचे तर ते ताजे, अळणी व भरडलेले असावेत, कारण दमट हवेत शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीचे विष पक्ष्यांनाही बाधते.

दाण्यांच्या भांड्याविषयी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. चिमण्या आणि मुनिया बाजरी सोलून खातात तेव्हा फोलपटे त्याच भांड्यात पडतात, आणि दोन-तीन दिवसांनी भांडे वरून काठोकाठ भरलेले दिसते. घरातील माणसांना वाटते की पक्ष्यांनी दाण्यांना तोंडच लावलेले नाही. भांड्यावर हलकी फुंकर मारली की फोलपटे उडतात आणि तळाशी काय उरले आहे ते कळते. त्या फोलपटांवरच ताजे दाणे ओतत राहिले तर खालचा थर दमटून कुबट होतो, म्हणून रोज संध्याकाळी भांडे रिकामे करून कोरडे पुसावे आणि सकाळी तासाभरात संपेल एवढेच ठेवावे. लहान बागेला एक मूठ पुष्कळ झाली. रात्रभर राहिलेल्या दाण्यांवर उंदीर आणि घुशी येतात. त्या एकदा रुळल्या की हलवणे कठीण.

कबुतरांना दूर ठेवण्याचा आपल्याकडचा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे. सुगीच्या दिवसांत भाताच्या लोंब्यांचे तोरण किंवा ज्वारी-बाजरीचे कणीस दाराशी टांगण्याची पद्धत अनेक गावांत होती व काही ठिकाणी आजही आहे. हलणाऱ्या कणसाला लोंबकळून दाणे टिपणे चिमणीला आणि मुनियेला सहज जमते, जड अंगाच्या कबुतराला जमत नाही. कणसे मिळत नसतील तर दाण्यांच्या थाळीभोवती, चिमणी आत शिरेल पण कबुतर शिरणार नाही, अशा बेताच्या भोकांची जाळी बसवावी.

जागाही बदलून पाहावी. चिमण्या थव्याने येतात, आधी जवळच्या झुडपात बसून कानोसा घेतात आणि धोका नाही असे वाटले तरच खाली उतरतात. उघड्या कठड्यावर त्यांना हा आडोसा मिळत नाही. मेंदीचे कुंपण, कोरांटी किंवा बोगनवेल जवळ असावी. मात्र ती थाळीला अगदी खेटून नको, नाहीतर तिच्या बुडाशी मांजर दबा धरून बसते. सहा-सात फुटांचे अंतर ठीक. एवढे करूनही चिमण्या यायला काही आठवडे लागू शकतात. आसपास वळचणी, वाशांच्या खोबणी, भिंतीतील भोके अशी घरट्याची जागाच उरली नसेल, तर त्या कदाचित येणारही नाहीत, आणि तो दोष आपल्या दाण्यांचा नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक गृहस्थ गच्चीवर कबुतरांना पोतेभर धान्य घालतात. तक्रार केली तर ते म्हणतात, “तुम्ही चिमण्यांना घालता ते पुण्य आणि मी घालतो ते पाप, असे कसे?” त्यांना काय उत्तर द्यावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पापपुण्यात नाही, पिल्लांच्या आहारात आहे. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी घरट्यातील पिल्लांना प्रामुख्याने अळ्या, मावा, नाकतोडे असे किडे भरवते. बुलबुल, दयाळ, शिंपी, सूर्यपक्षी यांच्या पिल्लांचेही किड्यांवाचून भागत नाही. कबुतराचे तसे नाही. नर आणि मादी दोघांच्याही अन्नपिशवीत दह्यासारखा स्राव तयार होतो आणि पिल्ले पहिले काही दिवस त्यावरच वाढतात. म्हणजे कबुतराच्या जोडीला धान्य मिळाले की पिल्ले वाढवण्यासाठी आणखी काही शोधावे लागत नाही. एका वेळी दोन अंडी आणि अन्न भरपूर असेल तर जवळजवळ वर्षभर वीण. गच्चीवरच्या पोत्यातून कबुतरांची पुढची पिढी निघते. तेवढेच धान्य चिमण्यांना घातले तरी, भोवती किडे नसतील तर, त्यांची संख्या वाढत नाही.

दुसरा मुद्दा आरोग्याचा. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिली तर काही माणसांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसांचा विकार होतो. वेळीच लक्षात आला नाही तर त्यात फुप्फुसांवर कायमचे व्रण राहू शकतात. याच कारणावरून २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याची कारवाई सुरू झाली, दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद पेटला आणि उच्च न्यायालयातही त्यावर सुनावणी झाली. त्या वादात भूतदया विरुद्ध कायदा अशी मांडणी फार झाली. शेकडो पक्षी एका जागी गोळा केल्याने त्या पक्ष्यांमध्येही रोग पसरतात, ही बाजू मात्र मागेच पडली.

आपल्या शेजाऱ्यांना धान्य एकदम बंद करणे जिवावर येत असेल तर दर आठवड्याला प्रमाण कमी करत न्यावे, असे सुचवून पाहावे. गच्चीवरील विष्ठा कोरडी झाडू नये. आधी पाणी मारून भिजवावी, तोंडाला मास्क लावावा आणि मगच खरवडावी.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी ठेवावे असे सगळेच सांगतात, पण महापालिकेचे लोक डासांच्या भीतीने भांडी उपडी करायला लावतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचिका, नागपूर

उत्तर : दोघांचेही ऐकता येते. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकत ते अंगातील उष्णता बाहेर सोडतात आणि त्यात पाणी खर्च होते. उन्हाळ्यात दाणे ठेवले नाहीत तरी चालेल, पाणी मात्र ठेवावे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज पाणी बदलले तर अळ्यांना वाढायला अवधीच मिळत नाही. पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. हा डास पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून भांडे काथ्याने किंवा घासणीने आतून घासावे. साबणाची गरज नाही.

भांडे मातीचे आणि पसरट असावे. कुंभाराकडील मोठे परळ याला उत्तम, कारण त्याचा तळ खरबरीत असतो आणि पक्ष्याचा पाय घसरत नाही. स्टीलची किंवा प्लॅस्टिकची थाळी उन्हात तापते. मध्यभागी दोन इंचांहून अधिक पाणी नको, आणि एक चपटा दगड असा ठेवावा की त्याचा माथा कोरडा राहील. सावली पाहून ठेवावे. कावळे वाळलेली पोळी, कधी हाडूकही, पाण्यात बुडवून मऊ करतात आणि दुपारपर्यंत पाण्याला वास मारू लागतो. त्यांच्यासाठी एक भांडे वेगळे, थोडे लांब ठेवल्यास दुसरे स्वच्छ राहते. सातभाईंचा थवा अंघोळीला उतरला की भांड्यात पाणी उरत नाही, तेव्हा दुपारी पुन्हा भरण्याची तयारी ठेवावी. चिमण्यांना पाण्याइतकीच धुळीची अंघोळही प्रिय असते. बागेत हातभर जागा कोरड्या, भुसभुशीत मातीची तशीच सोडली तर त्या तेथे खळगे करून लोळतात. ती खुरपून, पाणी घालून नीटनेटकी करण्याचा मोह आवरावा.

प्रश्न : सूर्यपक्ष्यांसाठी साखरेच्या पाण्याची लाल बाटली ऑनलाइन मिळते. ती टांगावी का? पाण्यात मध घातला तर अधिक पौष्टिक होईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : टांगू नये, असे माझे मत आहे. ही बाटली मुळात अमेरिकेतील हमिंगबर्डसाठी तयार झाली आणि ते पक्षी आपल्याकडे नाहीत. साखरेच्या पाण्यात ऊर्जेखेरीज काही नसते, कोकणच्या हवेत ते लवकर आंबते, बाटलीच्या तोंडाशी बुरशी धरते आणि मुंग्यांची रांग लागते. मध तर मुळीच घालू नये, त्याच्या पाण्यात बुरशी अधिकच झपाट्याने वाढते.

रत्नागिरीत राहून बाटली विकत घेण्याची वेळ यावी, याचे थोडे आश्चर्य वाटते. परसात शेवगा असेल, केळीला केळफूल आले असेल किंवा कुंपणाला जास्वंद असेल तर सूर्यपक्षी तेथे असतोच. जास्वंदीपाशी थोडा वेळ उभे राहून पाहावे : कित्येकदा तो फुलाच्या तोंडातून चोच घालत नाही, देठाजवळ पाकळ्यांच्या बुडाशी बारीक भोक पाडून तेथूनच मकरंद ओढतो आणि परागकणांना स्पर्शही न करता निघून जातो. हॅमेलिया हे झुडूप कुंडीतही वाढते आणि वर्षातील बराच काळ फुललेले असते, त्यामुळे जागा कमी असेल तर ते लावावे. पांगारा आणि काटेसावर यांना मोकळी जागा हवी. आंब्यावरच्या बांडगुळाची फुलेही सूर्यपक्ष्यांना फार आवडतात. बागायतदार कलमावरचे बांडगूळ काढून टाकतो ते योग्यच आहे. पण बांधावरच्या एखाद्या रानटी झाडावर ते असेल तर तेथे कोयती चालवण्याची घाई करू नये.

आणि फवारणी. सूर्यपक्षी आपल्या पिल्लांना कोळी आणि बारीक किडे भरवतो, आणि लोंबते घरटेही कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनीच बांधतो. जास्वंदीवर मावा दिसताच कीटकनाशक मारले तर त्याचे अन्न आणि घर दोन्ही जाते. पाण्याची जोरदार धार किंवा कडुनिंबाचा अर्क बहुधा पुरेसा होतो, आणि थोडा मावा राहिला तर शिंपी व चष्मेवाला हे लहान पक्षी येऊन तो टिपतात.

प्रश्न : दिवाळीत आम्ही पंधरा दिवस गावी जातो. सवय लागलेले पक्षी उपाशी राहतील का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाही. पक्षी दिवसभर अनेक ठिकाणी चरतात, आपली थाळी हा त्यांतील एक थांबा. निश्चिंत मनाने जावे. स्वयंचलित भांडे भरून ठेवून जाऊ नये, कारण ते साफ करायला कोणी नसते.

प्रश्न : गेल्या आठवड्यात दाण्यांच्या थाळीजवळ एक होला पिसे फुगवून बसून होता, हाकलूनही उडत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मेलेला आढळला. दाणे घालणे थांबवावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, तूर्त थांबवावे. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसणे हे आजारपणाचे लक्षण आहे. होले आणि कबुतरे यांच्यात ट्रायकोमोनास या परजीवीचा घशाचा रोग आढळतो. आजारी पक्ष्याला गिळता येत नाही, तो दाणा उचलतो आणि ओला करून परत टाकतो. तोच दाणा दुसरा पक्षी उचलतो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर हा रोग बागेतील दाण्यांच्या भांड्यांवरून ग्रीनफिंच या लहान पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणावर घसरली, तेव्हा धोका काल्पनिक नाही.

दोन आठवडे दाणे आणि पाणी दोन्ही बंद ठेवावे, म्हणजे पक्षी विखुरतील. थाळी गरम पाण्याने घासून, पातळ केलेल्या ब्लीचिंग द्रावणात बुडवून, पुन्हा धुवावी आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावी. खाली सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. नंतर पुन्हा सुरू करताना थाळीची जागा बदलावी आणि दाणे आधीच्या निम्मेच ठेवावेत. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श करू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून तो उचलावा व खोल पुरावा. मात्र एकाच परिसरात एकापेक्षा अधिक पक्षी, विशेषतः कावळे किंवा कोंबड्या, लागोपाठ मेलेले आढळले तर ते पुरू नयेत, जागेवरच राहू द्यावेत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे बर्ड फ्लूची तपासणी करता येते.